घरच्या घरी सर्किट बोर्ड: स्वस्त व्हिनाइल कटर घेताना नेमकं काय पाहायचं?

बाइकवर रेडियमची नावं लावून देणारं दुकान उल्हासनगर कॅम्प नं. ३ सारख्या बाजारपेठेत सहज सापडतं. तिथलं ते कटिंग मशीन म्हणजेच व्हिनाइल कटर. बारीक पातं बसवलेला एक प्रकारचा प्लॉटरच. हेच मशीन डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी किंवा हौसेखातर सर्किट बोर्ड बनवायलाही चालतं.

त्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात स्टिकर कापून तांब्याच्या पत्र्याच्या बोर्डावर चिकटवायचा आणि उघडं राहिलेलं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचं. दुसऱ्यात तांब्याची चिकट फॉइलच कापायची आणि नको असलेला भाग चिमट्याने सोलून काढायचा. यात रसायन लागतच नाही.

हा फरक या भागात तरी किरकोळ नाही. वापरलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये तांबं उतरलेलं असतं आणि ते जलचरांना घातक असतं. अंबरनाथकडून येणारी वालधुनी आधीच रसायनांनी काळवंडली आहे. २०१४ मध्ये उल्हासनगरात नदीत सोडलेल्या रसायनामुळे शेकडो रहिवाशांना त्रास झाला होता. घरातलं वाटीभर द्रावण त्यापुढे काहीच नाही, तरी ते मोरीत ओतू नका. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा.

मग फॉइल कापणारं मशीन कोणतं?

रुंदीवर पैसे घालवू नका. २४ इंची मशीन बॅनर-स्टिकरवाल्यांसाठी असतं. तळहाताएवढ्या बोर्डाला ८ किंवा १२ इंची पुरे. खरा प्रश्न अचूकतेचा आहे: पातं त्याच रेषेवर परत येतं का? स्वस्त मशीनवर १ मिमी रुंदीचे ट्रॅक धरून चाला. साध्या आयसीच्या पायांमध्ये २.५४ मिमी अंतर असतं, तिथे भागतं. १.२७ मिमी अंतराच्या छोट्या चिपला मात्र स्वस्त मशीनचा कस लागतो. पातं ६० अंशांचं आणि नवं घ्या, वेग अगदी कमी ठेवा. बोथट पातं फॉइल कापण्याऐवजी ओढतं.

सॉफ्टवेअरही आधीच तपासा. कायकॅडमधून एसव्हीजी फाइल निघते. इंकस्केप ती एचपीजीएलमध्ये बदलतं आणि बरेच स्वस्त प्लॉटर एचपीजीएल समजतात. क्रिकटची मशीन दिसायला देखणी, पण ती कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर चालतात. प्रयोग करणाऱ्याला ही अडचणच.

महाराष्ट्रात याचा जुना पत्ता म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम. एमआयटीबाहेर सुरू झालेल्या जगातल्या सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक तिथे २००२ मध्ये उभी राहिली. फॅब लॅबच्या ठरलेल्या यंत्रांमध्ये व्हिनाइल कटर असतो, कारण त्यावर स्टिकरही निघतात आणि सर्किटही.

विकत घेण्याआधी एक चाचणी कराच. १, ०.८ आणि ०.५ मिमी रुंदीच्या पट्ट्या, काही काटकोन आणि आठ पायांच्या चिपचे पॅड अशी छोटी फाइल बनवा. फॉइलचा तुकडा घेऊन रेडियमवाल्याकडे जा आणि कटिंगचे पैसे देऊन ती कापून घ्या. फॉइल नवीन असल्याने तो कुरकुरेल, म्हणून आधी स्टिकरवर कापून दाखवा. कोपरे उचलले जातात का आणि कोणती पट्टी सोलताना तुटते, ते बघा. ०.८ मिमीची पट्टी शाबूत निघाली, तर तसल्याच मशीनवर तुमचं काम होईल.

सोल्डरिंगसाठी फॉइल व्हिनाइलवर ठेवू नका, ते वितळतं. कोऱ्या ग्लास इपॉक्सी शीटवर किंवा मोबाइल रिपेअरिंगवाले वापरतात त्या पिवळ्या हीट टेपवर चिकटवा आणि सोल्डरिंग गन दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका.