निदान संभाषणातून : मनोविकारशास्त्राच्या नव्या निवासी डॉक्टरांसाठी प्रस्तावना

एमबीबीएस पूर्ण करून, नीट-पीजीचा टप्पा ओलांडून तुम्ही मनोविकारशास्त्राकडे आला आहात. पुढची तीन वर्षे तुम्ही एम.डी.चे निवासी डॉक्टर असाल. ‘मग स्टेथोस्कोप कशाला लागेल?’ हा प्रश्न घरच्यांनी किंवा वर्गमित्रांनी तुम्हाला एव्हाना विचारलाही असेल. पुढील प्रकरणे त्याचे सविस्तर उत्तर देतील. माझे म्हणणे मात्र इथेच सांगतो. ही शाखा वैद्यकाच्या गाभ्यातली आहे, आणि इथे निदान मुख्यतः संभाषणातून होत असल्यामुळे काटेकोरपणा अधिकच लागतो.

पहिले काही महिने केस घ्यायला शिकण्यात जातात. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य यांचे निदान नक्की करणारी रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. म्हणून आजार कधी सुरू झाला, बदल आधी कोणाच्या लक्षात आला, झोप, भूक आणि काम यांपैकी काय आधी बिघडले, आजारापूर्वी माणूस कसा होता, हे सारे क्रमाने विचारावे लागते. रुग्णाशी एकट्याने बोलायचे, नातेवाइकांशी वेगळे बोलायचे आणि दोन्ही हकिकती शेजारी ठेवायच्या. ‘रुग्णाला भास होतात’ एवढे लिहिलेला केसपेपर राऊंडला टिकत नाही. आवाज एक की अनेक? ते रुग्णाशी बोलतात की आपापसांत त्याच्याविषयी? काही करायला फर्मावतात का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले तर रुग्णाच्या जिवाचा धोका नव्याने तोलावा लागतो. रुग्णाचे वाक्य त्याच्याच शब्दांत नोंदवण्याचा आग्रह शिक्षक धरतात तो यासाठी.

ओपीडीत ‘जीव घाबरा होतो’ ही तक्रार रोज ऐकाल. तिच्यामागे पॅनिकचा झटका असेल, नैराश्य असेल, वाढलेला थायरॉइड असेल, हृदयाची अनियमित लय असेल किंवा सकाळपासून न मिळालेली दारूही असेल. ‘बाहेरचं झालंय’ म्हणत देवऋष्याकडे जाऊन आलेले कुटुंब समोर बसले, तर त्यांना रागावू नका. कधी गेलात, तेव्हा काय दिसत होते, त्यानंतर काय बदलले, हे विचारा. आजाराचा सगळा प्रवास त्या उत्तरांतून तारखांसह उलगडतो आणि कुटुंबाचा विश्वासही मिळतो.

शरीराकडे पाठ फिरवणे या शाखेला परवडत नाही. अस्थिरोग विभागातून रात्री कॉल येतो की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तिसऱ्या दिवशी बरळतो आहे, चादरीवरचे नसलेले किडे वेचतो आहे. ही दारू अचानक थांबल्याने आलेली जीवघेणी अवस्था असू शकते, आणि अशा वेळी ग्लुकोजच्या आधी थायमिन द्यायचे हे तुमच्या हाताला सवयीचे झालेले हवे. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील परिणाम मांडलेले लिथियम आजही अनमोल औषध आहे. पण त्याची उपयुक्त आणि विषारी पातळी यांत फार अंतर नसते. विदर्भातल्या मे महिन्यात जुलाब होऊन शरीर कोरडे पडले, तर नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. क्लोझापिन चालू असेल तर पांढऱ्या पेशींची मोजणी चुकवता येत नाही.

सर्वांत कठीण काम बहुधा कॅज्युअल्टीतून येईल. कीटकनाशक प्यायलेला तरुण शेतकरी मेडिसिनच्या सहकाऱ्यांनी वाचवलेला असतो, आणि त्याच्या खाटेशेजारी बसण्याची पाळी आता तुमची असते. मरणाचे विचार अजून येतात का, हे स्पष्ट विचारायला शिका. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. बोलायला जागा मिळाल्याने अनेकांना हलके वाटते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याचे ११५ वे कलम आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरते आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकते. याच कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध यांशिवाय विद्युत उपचार देण्यास मनाई केली आहे. कायद्याचा अभ्यास परीक्षेपुरता ठेवू नका. समोरच्या माणसाचे कोणते हक्क तुमच्या हाती आहेत, हे तो सांगतो.

आपल्या शाखेचा भारतीय वारसाही जाणून घ्या. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या कुटुंबीयांना आवारात तंबूंमध्ये राहायला बोलावले आणि उपचारांत सामील करून घेतले. आज आपल्या वॉर्डात रुग्णाजवळ आई किंवा भाऊ थांबतो, त्यामागे हा विचार आहे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालये दीर्घ मुक्कामाच्या रुग्णांचे प्रश्न तुमच्यासमोर मांडतील. बरे झालेल्या माणसाला घर परत स्वीकारत नाही, तेव्हा औषधाची चिठ्ठी अपुरी पडते आणि समाजकार्यकर्त्याचे मोल कळते.

हे ज्ञान मोठ्या शहरांत अडकून राहू नये. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांबाहेर होते. जिल्हा निवासी कार्यक्रमाचे तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढाल, तेव्हा या टक्केवारीला चेहरे मिळतील.

आणि स्वतःकडे लक्ष द्या. एखाद्या रुग्णाचा विनाकारण राग येईल, एखाद्याला वाचवण्याचा हट्ट जडेल, एखादी कहाणी ड्यूटी संपल्यावरही सुटणार नाही. या भावना कमकुवतपणाच्या खुणा नाहीत. त्या उपचारावर परिणाम करतात, म्हणून त्यांची चर्चा हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. त्या वरिष्ठांना मोकळेपणी सांगा. एखादा रुग्ण आत्महत्या करून गेला, तर ते दुःख एकट्याने वाहू नका. झोप, जेवण आणि मित्र यांना वेळ द्या.

पुढील प्रकरणे क्रमानेच वाचायला हवीत असे नाही. ज्या दिवशी ज्या रुग्णाने अडवले, त्या दिवशी ते प्रकरण उघडा आणि पुन्हा त्याच रुग्णाकडे जा. तुमच्या बारीक प्रश्नांवर आणि प्रामाणिक नोंदींवर कोणाचे तरी शिक्षण, संसार आणि आयुष्य अवलंबून असेल. मन लावून शिका. या महाराष्ट्राला तुमची फार गरज आहे.