कलापूर : रंगवलेल्या पडद्यापासून रुपेरी पडद्यापर्यंत

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात, त्यामागे राजाश्रय आणि कारागिरी यांचा मिलाफ आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले दरबारी चित्रकार आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाकाठची ऊन-सावली जलरंगांत पुन्हापुन्हा टिपली. छत्रपती शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभारले. तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झाले.

नाटकांना रंगवलेले पडदे लागत. सपाट कापडावर महालाच्या खांबांची रांग मागे निमुळती होत जाई आणि छायाप्रकाशाने खोली भासे. मेस्त्री घराण्यातील आनंदराव व बाबूराव या कामात ‘पेंटर’ म्हणून नावाजले. सिनेमाच्या ओढीने त्यांनी स्वदेशी कॅमेऱ्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी कॅमेऱ्याचे काम तडीस नेले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये झळकला. चित्रीकरणाआधी बाबूराव पेंटर प्रसंगांची व वेशभूषेची रेखाटने करत.

त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, शांताराम घडले. या तिघांनी सहकाऱ्यांसह १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ फिल्म कंपनी स्थापन केली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली.