अंगावरून गेलेले वारे आणि हृदयाची साक्ष

१/ महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एखाद्याचा अर्धा देह अचानक लुळा पडला, की ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. या तीन शब्दांत दोन हजार वर्षांचे वैद्यक साठले आहे. त्याच व्याधीतून रुग्ण कितपत सावरेल, याचा अंदाज आज हृदयाशी संबंधित रक्तचाचण्यांतून बांधला जातो. मेंदूच्या आजाराची साक्ष हृदयाकडून कशी मिळू लागली आणि त्या साक्षीवर किती विसंबावे, याचा हा इतिहास.

२/ चरकसंहितेने पक्षाघाताची गणना वातव्याधींमध्ये केली. ‘वारं’ हा शब्द त्याच कल्पनेचा लोकभाषेतील वारस होय. वराहमिहिराच्या बृहज्जातकात शनी हा ग्रहही वातप्रकृतीचा मानला आहे. वातावर तेल हा आयुर्वेदाचा प्रमुख उपाय. आणि नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापुरात, छप्पर नसलेल्या चौथऱ्यावरच्या काळ्या शिळेला भाविक तेलच वाहतात. एका प्रथेतून दुसरी निघाली असे यावरून ठरत नाही. मात्र वारा, शनी आणि तेल परंपरेत एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि घरात असा रुग्ण असलेल्या प्रत्येकाचा प्रश्नही एकच असतो: पुढे काय होणार?

३/ चरकाने शिर, हृदय आणि बस्ती ही तीन प्रधान मर्मे सांगितली. युरोपात १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदनाच्या आधारे दाखवले, की अशा झटक्याने मेलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव आढळतो. पुढे रक्तवाहिनी तुंबल्यानेही झटका येतो आणि तुंबवणारी गुठळी कधी कधी हृदयातून आलेली असते, हेही उमगले. या कथेत हृदयाची पहिली भूमिका आरोपीची होती.

४/ विसाव्या शतकात दुसरी भूमिका उघड झाली. १९४७ मध्ये बायर, अ‍ॅशमन आणि टोथ यांनी मेंदूभोवती रक्तस्राव झालेल्या रुग्णांच्या ईसीजीत विचित्र बदल नोंदवले. १९५४ मध्ये जॉर्ज बर्च आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या झटक्यानंतर दिसणारा ईसीजीचा एक नवाच नमुना प्रसिद्ध केला. आघात मेंदूवर झाला होता आणि खुणा हृदयाच्या आलेखावर उमटत होत्या. हृदय आरोपी असेल किंवा नसेल, ते जखमी मात्र होत होते.

५/ ही जखम मोजायची कशी? त्याचे उत्तर स्नायूंच्या अभ्यासातून आले. १९६५ मध्ये टोकियोत सेत्सुरो एबाशी यांच्या प्रयोगशाळेने स्नायूंच्या आकुंचनाचे नियमन करणारे प्रथिन वेगळे केले; त्याचे नाव ट्रोपोनिन. हृदयस्नायूतील ट्रोपोनिनची घडण इतर स्नायूंहून निराळी असते. हृदयाच्या पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपते. १९८९ मध्ये जर्मनीत ह्यूगो काटुस यांच्या गटाने ट्रोपोनिन टी मोजण्याची चाचणी मांडली. हृदयविकाराच्या झटक्याचे निदान तिने पालटून टाकले.

६/ दुसऱ्या द्रव्याची कहाणी अधिक चमत्कारिक आहे. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत एक संप्रेरक सापडले, म्हणून त्याला ‘ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड’ हे नाव मिळाले. नंतर लक्षात आले, की त्याचा मुख्य उगम हृदयाच्या जवनिकांत आहे आणि हृदयावर ताण आला की ते वाढते. नाव मेंदूचे, काम हृदयाचे! हेच ते बीएनपी.

७/ २००० साली न्यूझीलंडच्या संशोधकांचा एक छोटा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. मेंदूचा तीव्र झटका आलेल्या १८१ रुग्णांपैकी ३० जणांच्या रक्तात ट्रोपोनिन टी वाढलेले होते. त्यांपैकी १२ जण, म्हणजे ४० टक्के, रुग्णालयातच दगावले. उरलेल्या १५१ जणांत हे प्रमाण १३ टक्के होते. ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे अंशतः उत्तर रक्ताच्या एका थेंबात होते.

८/ पण ट्रोपोनिन वाढले म्हणजे हृदयविकाराचाही झटका आला, असे समजावे काय? बर्लिनच्या ‘ट्रेलास’ अभ्यासाने याचा शोध घेतला. ट्रोपोनिन वाढलेल्या मेंदूझटक्याच्या रुग्णांची अँजिओग्राफी केली असता जवळपास निम्म्यांच्या हृदयधमन्यांत लक्षणीय अडथळाच नव्हता. झटक्याला कारणीभूत ठरावा असा अडथळा २४ टक्क्यांत आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या हृदयरुग्णांत तो ७९ टक्क्यांत होता.

९/ मग हृदय दुखावते कशाने? एक प्रमुख कारण असे मानले जाते: मेंदूतील आघाताने स्वायत्त मज्जासंस्थेचा तोल जातो, अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो आणि हृदयस्नायू त्यात होरपळतो. तीव्र भीतीने मृत्यू कसा ओढवतो, हे उकलताना वॉल्टर कॅनन यांनी १९४२ मध्ये याच संस्थेकडे बोट दाखवले होते. २०१८ मध्ये या साऱ्या लक्षणसमूहाला ‘स्ट्रोक-हार्ट सिंड्रोम’ असे नाव सुचवण्यात आले.

१०/ येथे सावधगिरी हवी. वाढलेले ट्रोपोनिन धोका सांगते, उपाय सांगत नाही. वृद्धापकाळ आणि मूत्रपिंडाचा विकार यांतही ते वाढलेले असू शकते. बीएनपीचेही तसेच. ‘आर्केडिया’ या चाचणीत अज्ञात कारणाने मेंदूचा झटका आलेले आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यात दोषाच्या खुणा असलेले रुग्ण निवडले होते. एनटी-प्रोबीएनपी हा त्यातील एक निकष. २०२४ च्या निष्कर्षानुसार त्यांना गुठळीरोधक अ‍ॅपिक्सॅबन दिल्याने अ‍ॅस्पिरिनपेक्षा अधिक लाभ झाला नाही. खूण खरी असली, तरी तिच्या आधारे केलेला उपचार लागू पडेलच असे नाही.

११/ म्हणूनच अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सांगतात: ट्रोपोनिन तपासावे, पण त्यासाठी गुठळी विरघळवणारे इंजेक्शन खोळंबू देऊ नये. ते इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि त्याआधी मेंदूचा स्कॅन लागतो. वाढलेल्या ट्रोपोनिनचा अर्थ एवढाच, की या रुग्णाच्या हृदयाकडे अधिक बारकाईने पाहावे: ईसीजी, इकोकार्डिओग्राफी, नाडीच्या लयीवर देखरेख.

१२/ भाकितापेक्षा प्रतिबंध मोठा, हा धडाही महाराष्ट्राच्या खात्यावर आहे. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधा वनस्पतीने उच्च रक्तदाब कमी होतो असे अनुभव मांडले आणि जगाचे लक्ष वेधले. मेंदूच्या झटक्यामागील सर्वांत मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आजही उच्च रक्तदाब हेच आहे.

१३/ शनिशिंगणापुरातील घरांना परंपरेने दारे नसतात, कारण संकट शनिदेव थोपवतील ही श्रद्धा. रक्तातील खुणांकडेही कोणी ग्रहदशेसारखे पाहू शकतो: आकडा वाढला, म्हणजे सारे संपले. इतिहास तसे सांगत नाही. ऑकलंडपासून बर्लिनपर्यंत जे मोजले गेले ते संभाव्यतेचे माप होते. ऑकलंडच्या त्या ३० जणांपैकीही १८ जण रुग्णालयातून जिवंत बाहेर पडले. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली, तर घड्याळ पाहून रुग्णाला तत्काळ स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. तेल नंतरही वाहता येते; ते साडेचार तास पुन्हा मिळत नाहीत.