सुटकेनंतरचे सात आठवडे

निर्जन बेटावर किंवा अरण्यात एकट्याने तग धरून राहणाऱ्या मुलाची कथा हा बालसाहित्यातील जुना प्रकार आहे. त्याचे मूळ डॅनिअल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मध्ये (१७१९) सापडते. ही कादंबरी मुलांसाठी लिहिलेली नव्हती. रूसोने ‘एमिल’ (१७६२) या शिक्षणविषयक ग्रंथात आपल्या कल्पित शिष्याचे पहिले पुस्तक म्हणून तिची निवड केली. मात्र जहाज फुटण्यापासून सुटका होईपर्यंतचा भागच त्याला उपयुक्त वाटत होता. पुढे जर्मन शिक्षणतज्ज्ञ काम्पे याने मुलांसाठी नवा रॉबिन्सन लिहिला (१७७९-८०). त्यात वडील रोज संध्याकाळी मुलांना गोष्ट सांगतात, मुले मध्येच प्रश्न विचारतात, आणि नायकाजवळ आरंभी अवजारेही नसतात.

या प्रकाराचा साचा येथेच ठरला, असे म्हणता येईल. एकाकीपण ही शाळा आणि सुटका म्हणजे त्या शाळेतून उत्तीर्ण होणे. गॅरी पॉलसनच्या ‘हॅचेट’मधील (१९८७) तेरा वर्षांचा ब्रायन कॅनडाच्या जंगलात एका कुऱ्हाडीच्या बळावर चोपन्न दिवस काढतो, तेव्हाही साचा हाच असतो.

स्कॉट ओडेलची ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ (१९६०) ही कादंबरी या साच्यात नीट बसत नाही, आणि म्हणूनच ती महत्त्वाची वाटते. १९६१ साली न्यूबेरी पदक मिळालेल्या या कादंबरीची नायिका कराना बारा वर्षांची आहे. बेटावर मागे राहिलेल्या धाकट्या भावासाठी ती निघालेल्या जहाजावरून उडी घेते. भाऊ रानकुत्र्यांना बळी पडतो. स्त्रियांनी शस्त्रे करू नयेत हा आपल्या जमातीचा निषेध मोडून ती भाला आणि धनुष्य करते. आणि ज्याला ठार मारायचे, त्या कुत्र्यांच्या म्होरक्यालाच अखेर जीव लावते.

या कथेला इतिहासाचा आधार आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडील सान निकोलस बेटावर १८१४ मध्ये सागरी ऊदमांजरांच्या फरसाठी आलेल्या शिकाऱ्यांनी तेथील लोकांची कत्तल केली. उरलेल्यांना १८३५ मध्ये मुख्य भूमीवर नेण्यात आले. एक स्त्री मागे राहिली. ती का राहिली याविषयी आख्यायिकाच आहेत. १८५३ मध्ये जॉर्ज निडेव्हर या शिकाऱ्याच्या तुकडीला ती सापडली, तेव्हा ती प्रौढ होती. सांता बार्बराला आणल्यावर तिचे बोलणे पूर्णपणे समजेल असे कोणी मिळाले नाही. तिच्या भाषेतील चार शब्द आणि दोन गाणी तेवढी नोंदली गेली. अवघ्या सात आठवड्यांत आजाराने तिचा अंत झाला. हुआना मारिया हे तिला बाप्तिस्म्यात मिळालेले नाव. मूळ नाव कोणालाच ठाऊक नाही.

आता कादंबरीचा शेवट पाहावा. कराना जहाजावर चढते, बेट मागे पडते आणि कथा थांबते. इतिहास जेथे सर्वांत असह्य होतो, नेमके तेथेच ओडेल थांबतो. नंतरच्या काळाचा उल्लेख कथेबाहेरच्या छोट्या टिपणात येतो. बालवाचकाला सुटकेचे समाधान देणे ही या प्रकाराची अट त्याने पाळली आहे. पण जिचे बोलणे कोणाला कळले नाही, तिला त्याने प्रथमपुरुषी निवेदन दिले, हेही नाकारता येणार नाही. कादंबरीतील जमातीत खरे नाव गुप्त ठेवण्याची रीत आहे. इतिहासात ते कायमचेच गुप्त राहिले.

म्हणून ही कादंबरी वर्गात शिकवताना, कराना कशी जगली एवढाच प्रश्न पुरेसा नाही. तिला एकटे कोणी केले, आणि बेटावर अठरा वर्षे जगू शकलेली स्त्री माणसांत आल्यावर दोन महिनेही का जगली नाही, हेही विचारले पाहिजे. जहाज फुटण्यापासून सुटकेपर्यंत, अशी रूसोने आखलेली सीमा ओलांडल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही.