म्हशीचा विमा

कर्जावर म्हैस घ्यायची तर बँक आधी तिचा विमा उतरवायला लावते. म्हशीच्या कानात बिल्ला ठोकतात, बिल्ल्याचा नंबर कागदावर चढतो आणि मगच कर्ज मंजूर होतं. हेच कागद चाळण्यात जन्म चाललेल्या माझ्यासारख्या बी. कॉम. कारकुनाला सिनेमातला सर्वांत थरारक प्रसंग विचाराल, तर तो पडद्यावरचा नाहीच मुळी. तो असा: १९७१ च्या उन्हाळ्यात जॉन बूरमननं 'डिलिव्हरन्स' हा चित्रपट विमा न उतरवता काढला!

गोष्ट जेम्स डिकीच्या १९७० च्या कादंबरीवरची. अटलांटातले चार सद्गृहस्थ धरणाखाली जाणारी एक नदी शेवटची पाहून घ्यावी म्हणून होड्या घेऊन निघतात. वाटेत जंगलातल्या दोघांशी आणि त्यांच्या बंदुकीशी गाठ पडते, आणि सहल राहते बाजूला, जीव वाचवणं सुरू होतं.

बजेट सुमारे २० लाख डॉलर. आपल्याला चक्कर येईल, पण हॉलिवूडच्या हिशेबी ही चिल्लरच. स्टुडिओनं हात आखडल्यावर बूरमननं काटछाट आरंभली. संगीतकार नको, वाद्यवृंद नको. गिटार आणि बँजोची एक जुगलबंदी आहे, तीच उलटसुलट वाजवू. विमा? तोही नको. नट स्वतःच होड्या वल्हवतील. गावच्या शेरीफचं काम खुद्द डिकीसाहेबांनी केलं. लेखकाकडून अशी वसुली आमच्या रिकव्हरी खात्यालाही जमली नसती!

नदी होती चटुगा, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना यांच्या सीमेवरची. तिला बजेट कळत नव्हतं. नेड बीटी भोवऱ्यात सापडून बुडता बुडता वाचला. जॉन व्हॉइट खराखुरा कडा चढला. बर्ट रेनॉल्ड्सच्या जागी धबधब्यात आधी बाहुला सोडला, पण तो बाहुलाच दिसला. मग रेनॉल्ड्स स्वतः गेला आणि माकडहाड मोडून घेतलं. पुढे तोच सांगत असे, की दृश्य कसं दिसलं म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, बाहुला पडल्यासारखं!

१९७२ साली चित्रपट आला आणि त्यानं ४ कोटी डॉलरांहून जास्त मिळवले. ऑस्करची तीन नामांकनं झाली, तिन्ही हुकली. नफ्याची बाजू इथं संपली. पण मंडळी, जमेला नावे असतेच. ती जुगलबंदी मुळात आर्थर स्मिथची होती. आपलं नाव नाही म्हणून तो कोर्टात गेला आणि जिंकला. आपल्याला रानटी ठरवलं म्हणून डोंगरातली माणसं दुखावली, ती कित्येक वर्षं.

आणि चित्रपट पाहून हौशी लोक चटुगेवर लोटले. कुणाला वल्हं धरता येत नव्हतं, कुणाकडे जीवरक्षक जाकीट नव्हतं. त्यांतले काही बुडाले. १९७४ साली सरकारनं ती नदी संरक्षित केली. कादंबरीतली नदी धरणाखाली गेली, खरी वाहती राहिली, एवढंच समाधान.

विम्याचा हप्ता वाचला, असं बूरमनच्या वहीत लिहिलं असेल. आमच्या वहीत 'वाचला' असा रकाना नसतो. रक्कम एका खात्यातून निघाली की दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडतेच. बुडालेल्यांच्या घरच्यांनी ती चुकती केली. त्यांनी तर सिनेमाचं तिकीटसुद्धा पूर्ण पैसे मोजून काढलं होतं.