बालदंतोपचारातील भूल : एका कसोटीचा इतिहास

संपूर्ण भूल, म्हणजे रुग्णाची शुद्ध हरपवून त्याला वेदनेपासून दूर ठेवण्याची पद्धत, ही वैद्यकाला मुख्यतः दंतवैद्यांची देणगी आहे. 11 डिसेंबर 1844 रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली, आणि दोन वर्षांनी, 19 डिसेंबर 1846 रोजी, लंडनमध्ये जेम्स रॉबिन्सन यांनी ईथरच्या भुलेखाली एका तरुणीची दाढ उपटली.

ब्रिटनमधील गोरगरिबांच्या मुलांपर्यंत ही सोय पोहोचली ती विसाव्या शतकात, शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी बंधनकारक करणाऱ्या 1907 च्या कायद्यानंतर ठिकठिकाणी निघालेल्या शालेय दंतचिकित्सालयांतून. तेथे ‘गॅस’ देणे म्हणजे मुलाला खुर्चीत बसवून, नाकावर रबरी मुखवटा दाबून, बहुधा जवळजवळ निर्भेळ नायट्रस ऑक्साइड देणे. प्राणवायू कमी पडल्याने ओठ निळे पडत, हाती जेमतेम मिनिटभराचा अवधी असे, आणि तेवढ्यात निघतील तितके किडके दात काढून मोकळे व्हावे लागे. दात भरून वाचवण्याला त्यात वावच नव्हता. मूल शुद्धीवर आले की उपचार यशस्वी, इतकी साधी ती कसोटी होती. तीही प्रत्येक वेळी पार पडली नाही. खुर्चीतील मृत्यूंची चर्चा पुढे अनेक दशके चालली, याच विषयावरील 1990 च्या पॉस्विलो अहवालाने अशी भूल शक्यतो टाळावी असे सुचवले, तरी ती रुग्णालयांपुरती मर्यादित व्हायला 2001 चा डिसेंबर अखेर उजाडावा लागला. हा विलंब समर्थनीय म्हणता येत नाही.

उपचारानंतर मूल कसे जगते, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीसच नीट विचारला गेला. 1999 मध्ये माँट्रियलच्या अभ्यासकांनी तीव्र दंतक्षय झालेल्या लहान मुलांच्या पालकांना दुखणे, खाणे आणि झोप यांविषयी भूल देऊन केलेल्या उपचारापूर्वी व नंतर विचारले, तेव्हा तिन्ही बाबतींत सुधारणा दिसली. 2007 मध्ये अमेरिकेत तयार झालेल्या एका प्रश्नावलीत असे 13 प्रश्न असून त्यांपैकी 9 मुलाविषयी, तर 4 कुटुंबाविषयी आहेत: मुलाची झोपमोड झाली का, दातांमुळे ते हसण्या-बोलण्याचे टाळते का, आईवडिलांना कामावर खाडा करावा लागला का. उत्तरे पालकांची असतात, आणि रात्रीचे रडणे थांबल्याचा त्यांना वाटणारा दिलासा गुणांत मिसळतोच, हे ध्यानात ठेवले तरी अशा प्रश्नांवर आधारलेल्या अभ्यासांचा कौल बव्हंशी सुधारणेच्याच बाजूचा आहे. बरी झालेली झोप खरी असते. पण दात किडवणारा आहार भुलेने बदलत नाही, आणि म्हणूनच काही मुले पुन्हा त्याच शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतात. इंग्लंडमध्ये 5 ते 9 वर्षांच्या मुलांना रुग्णालयात दाखल करण्याचे सर्वांत मोठे कारण अलीकडच्या वर्षांतही किडलेले दात हेच राहिले आहे.