शॉवरच्या जाळीमागे काय दडलंय?

मागच्या हिवाळ्यात एक आजोबा दवाखान्यात आले होते. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहून नुकतेच परतलेले. तब्येत ठणठणीत होती, फक्त रक्तदाबाची गोळी लिहून हवी होती. उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, घर सहा महिने बंद होतं. शॉवर सोडला तर आधी तांबडं पाणी आलं, मग घाण वास. पाच मिनिटं तिथेच उभा राहून जाऊ दिलं. काही होत नाही ना त्याने?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर मिळायला वैद्यकशास्त्राला १९७६ साल उजाडावं लागलं, आणि त्याआधी बरीच माणसं दगावली. ती गोष्ट आज सांगतो. ती वाचल्यावर शॉवरची जाळी का धुवायची, हे तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.

जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली होती आणि फिलाडेल्फिया शहर नटलं होतं. 'अमेरिकन लिजन' या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन तिथल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या जुन्या, नामांकित हॉटेलात २१ ते २४ जुलैला भरलं. पाहुणे घरोघरी परतले आणि काही दिवसांतच एकेकाला सडकून ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं सुरू झालं. एक्स-रेमध्ये न्युमोनिया दिसे, पण नेहमीच्या औषधांना तो दाद देत नसे. सगळे रुग्ण एकाच गावचे नव्हते, त्यामुळे एका डॉक्टरला एखाद-दुसराच रुग्ण दिसत होता. हे सगळे एकाच अधिवेशनाला गेले होते, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. शेवटी मोजदाद झाली तेव्हा २२१ जण आजारी पडले होते आणि ३४ जणांचा मृत्यू झाला होता.

त्या वर्षी अमेरिकेत स्वाइन फ्लूची धास्ती होती, म्हणून पहिला संशय फ्लूवर गेला. तो नाही असं दिसल्यावर विषबाधेचा विचार झाला. निकेलसारख्या धातूपासून घातपातापर्यंत सगळ्या शंका वर्तमानपत्रांत आल्या. हॉटेलकडे गिऱ्हाईक फिरकेना, आणि नोव्हेंबरात ते बंद करावं लागलं.

अटलांटाच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेत जोसेफ मॅकडेड नावाचे संशोधक मृतांच्या फुफ्फुसाचे नमुने तपासत होते. त्यांना काचपट्टीवर क्वचित एखादा दांडीसारखा जिवाणू दिसला होता, पण बाहेरून आलेली घाण समजून त्यांनी तो सोडून दिला. नमुने कोंबडीच्या अंड्यांत वाढवताना, इतर जंतू माजू नयेत म्हणून, प्रतिजैविकंही घातली जात होती. म्हणजे ज्याला शोधायचं त्यालाच मारून टाकायचं, असा प्रकार चालला होता. डिसेंबरात एका पार्टीत कुणीतरी त्यांना टोमणा मारला, की तुम्ही शास्त्रज्ञ लोक काहीच कसं शोधून काढत नाही? ते त्यांच्या मनाला लागलं. नाताळच्या सुट्टीत ते प्रयोगशाळेत परतले, जुन्या काचपट्ट्या पुन्हा लावल्या, आणि एका ठिकाणी त्या दांड्यांचा पुंजका दिसला. मग प्रतिजैविकं न घालता अंड्यांत जिवाणू वाढवला, आजारातून उठलेल्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांशी ताडून पाहिला आणि तो जुळला. १८ जानेवारी १९७७ ला ही बातमी जाहीर झाली. पुढे त्याचं बारसं झालं: लिजनेला न्युमोफिला. लिजनवाल्यांचा म्हणून लिजनेला आणि फुफ्फुसांचा शौकीन म्हणून न्युमोफिला.

हा जंतू नवा नव्हता, हे लवकरच कळलं. साठवून ठेवलेली जुनी रक्तं तपासली तेव्हा १९६५ मधली वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयातली न्युमोनियाची साथ आणि १९६८ मधला मिशिगनमधल्या पाँटियाक गावचा गूढ ताप, दोन्हींचा उलगडा झाला. तो कायम आपल्या आसपासच होता, आपण त्याला ओळखत नव्हतो इतकंच.

फिलाडेल्फियात संशय वातानुकूलन यंत्रणेवर होता. मग यात शॉवर कुठून आला?

तो आला इंग्लंडमधून. १९८० साली ऑक्सफर्डच्या एका मूत्रपिंड-प्रत्यारोपण विभागात रुग्णांना हाच न्युमोनिया झाला. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते, त्यामुळे ही माणसं नाजूक असतात. जॉन टोबिन आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला आणि जंतू सापडला तो रुग्णांच्या अंघोळीच्या शॉवरमध्ये. जिथे माणूस स्वच्छ व्हायला जातो, तिथेच. त्याच वर्षी लीड्समधल्या टिमोथी रोबोथम यांनी आणखी एक कोडं सोडवलं. प्रयोगशाळेत इतके नखरे करणारा हा जिवाणू साध्या पाण्यात तग कसा धरतो? तर पाण्यातल्या अमिबांच्या पोटात शिरून. अमिबा त्याला खायला म्हणून गिळतो आणि तो आत जाऊन वाढतो. आपल्या फुफ्फुसातल्या भक्षक पेशींशीही तो हाच डाव खेळतो.

आता तुमच्या नळातलं पाणी डोळ्यांसमोर आणा. पाइपच्या, जाळीच्या, रबरी नळीच्या आतल्या बाजूला एक बुळबुळीत थर बसतो. तुम्ही बादली दोन दिवस न घासता ठेवली की आतून हाताला लागतो तोच. या थरात जिवाणू, अमिबा, बुरशी सगळे गुण्यागोविंदाने राहतात, आणि पाण्यातलं क्लोरीन वरच्या वर वाहून जातं. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे क्षार जाळीवर साचले की जंतूंना बसायला आणखी खाचाखोचा मिळतात. पाणी थांबलेलं आणि कोमट असेल तर लिजनेलाची चंगळ. साधारण २५ ते ४५ अंश सेल्सिअस हे त्याचं आवडतं तापमान. २० च्या खाली तो सुस्त पडतो, ६० च्या वर मरतो.

इथे आपल्या जुन्या न्हाणीघराची आठवण येते. तांब्याचा बंब, खाली जळण, वरून कढत पाणी. ते घंगाळात घ्यायचं, गार पाणी घालून बेताचं करायचं आणि तांब्याने अंगावर ओतायचं. पाणी रोजचं रोज भरलेलं आणि चटका बसेल इतकं तापलेलं. मुख्य म्हणजे तांब्यातून पडणाऱ्या पाण्याचं फारसं धुकं होत नाही. लिजनेलाचं पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही, पण त्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार श्वासातून आत गेले तर तो फुफ्फुसात पोहोचतो. शॉवरचं कामच तुषार उडवणं. म्हणजे जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही (त्या न्हाणीघरातल्या शेवाळावर घसरून मोडलेली खुब्याची हाडं मी पाहिली आहेत), पण या एका बाबतीत बादली-तांब्या सरस होता खरा.

तुषारांची ताकद किती, ते १९९९ मध्ये नेदरलँड्सने पाहिलं. बोव्हेनकार्स्पेल गावच्या फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी बुडबुड्यांचे गरम टब चालू करून मांडले होते. लोक त्यांत उतरले नव्हते, नुसते शेजारून चालत गेले होते. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि किमान ३२ जण दगावले. साध्या बाथटबमध्ये हा धोका बराच कमी, कारण तिथे पाणी उडत नाही. पण जेट असलेला टब घरी असेल तर त्याच्या आतल्या नळ्यांत जुनं पाणी साचून राहतं, आणि वरून टब कितीही चकचकीत दिसला तरी तिथे हात पोहोचत नाही. अशा टबमधल्या स्यूडोमोनास जंतूमुळे अंगावर पुरळ उठते, हेही १९७५ पासून माहीत आहे. तेव्हा मिनेसोटातल्या एका मोटेलच्या टबमुळे पाहुण्यांना ती झाली होती.

बऱ्याच जणांचा आणखी एक प्रश्न असतो तो गुलाबी थराचा. टबच्या कडेला, शॉवरच्या पडद्याखाली, साबणाच्या खाचेत दिसतो तो. अनेकदा तो सेराशिया नावाच्या जिवाणूचा असतो, कधी गुलाबी यीस्टचाही. १८१९ मध्ये इटलीत पादुआजवळ मक्याच्या पिठाचं शिजवलेलं अन्न लालभडक होऊ लागलं आणि लोकांना वाटलं घरात भूतबाधा झाली. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञाने तो सूक्ष्मजीवाचा रंग असल्याचं दाखवलं. नंतर शंभरेक वर्षं हा जंतू अगदी निरुपद्रवी समजला गेला. इतका, की १९५० मध्ये अमेरिकन नौदलाने जैविक हल्ल्याची चाचणी म्हणून तो सॅन फ्रान्सिस्कोवर गुपचूप फवारला! आज आपल्याला माहीत आहे की धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही, पण लघवीची नळी घातलेल्या किंवा अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला त्रास देऊ शकतो. साबणाचा मेद हे त्याचं खाद्य. तेव्हा घरात कॅथेटर असलेलं कुणी असेल तर तो थर आठवड्याला घासून काढा आणि फरशी कोरडी ठेवा. बाकीच्यांनी त्यापायी झोप उडवून घेऊ नये.

मग ब्लीच ओतलं की काम झालं? २००९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या नॉर्मन पेस यांच्या गटाने अमेरिकेतल्या नऊ शहरांतल्या शॉवरच्या जाळ्या तपासल्या. सुमारे ३० टक्के जाळ्यांत मायकोबॅक्टेरियम एव्हियम हा, क्षयाच्या जंतूचा लांबचा भाऊबंद, लक्षणीय प्रमाणात मिळाला. एक जाळी त्यांनी ब्लीचने धुऊन पाहिली, तर काही महिन्यांनी त्याच कुटुंबातल्या दुसऱ्या एका जातीचं प्रमाण उलट वाढलेलं दिसलं. या मंडळींचं कवच मेणचट असतं, क्लोरीन त्यांना सहज मारत नाही. क्लोरीनने इतर जंतू मेले की त्यांना रान मोकळं. म्हणून माझा भर रसायनापेक्षा घासण्यावर असतो. दर तीन महिन्यांनी जाळी उघडा, व्हिनेगरमध्ये तासभर बुडवा, क्षार सुटले की जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. जाळी फारच किटली असेल तर सरळ नवी आणा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. फरशीचे डाग काढायला आपल्याकडे 'ॲसिड' सर्रास वापरतात. त्यावर किंवा त्याच्याबरोबर ब्लीच कधीही टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तोच जो २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला होता. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये दार लावून घासणाऱ्या बाईंना पळायलाही जागा नसते. दोन दिवस आपण मेल्या जंतूंचा हिशेब करत बसतो, आणि हा वायू काही मिनिटांत फुफ्फुसं भाजतो. व्हिनेगरही आम्लच आहे, त्याच्याशीही ब्लीच मिसळायचं नाही.

आजोबांना मी काय सांगितलं? झालं ते झालं, पण पुढचे चौदा दिवस ताप, खोकला, धाप यांपैकी काही झालं तर लगेच या, आणि कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी 'बंद घरातला शॉवर सोडला होता' हे आपणहून सांगा. हे सांगणं महत्त्वाचं, कारण न्युमोनियाला नेहमी दिली जाणारी पेनिसिलिन गटातली औषधं यावर चालत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखी चालतात. शंका आली तर लघवीच्या तपासणीतूनही निदान होऊ शकतं. हा आजार सहसा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, म्हणून नातवंडांना दूर ठेवायचं कारण नाही.

पुढच्या खेपेला काय करायचं, तेही त्यांना लिहून दिलं. घरी आल्यावर गीझर ६० अंशांवर तासभर तापवायचा. शॉवरची जाळी काढून नळी बादलीच्या तळाशी सोडायची, म्हणजे तुषार उडणार नाहीत; नळी नसेल तर जाळीवर प्लास्टिकची पिशवी सैल बांधायची. खिडकी उघडायची, नळ सोडायचा आणि बाहेर येऊन बसायचं. आधी गरम, मग गार, पाच-पाच मिनिटं. गरम पाण्याखाली हात घालायचा नाही, ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. जाळी धुऊन लावायची आणि मग अंघोळ. ज्यांची केमोथेरपी चालू आहे, प्रत्यारोपण झालंय, जे रोज स्टेरॉइड घेतात किंवा ज्यांना सीओपीडी आहे, त्यांनी पहिले काही दिवस बादली आणि मगच वापरावा. नेब्युलायझरमध्ये नळाचं पाणी कधीच घालू नये.

आजोबांना चौदा दिवसांत काही झालं नाही. पंधराव्या दिवशी त्यांचा फोन आला, जाळी काही केल्या उघडत नाहीये, प्लंबरला बोलावू का म्हणून. म्हटलं, बोलवा.